कुंडीतले प्रश्न: भाजी की फुलं, ऊन कोणाच्या वाट्याला?

पावसाळा तोंडावर आला की बाल्कनीच्या मांडणीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच पेच आहे: जागा मूठभर, त्यात घरच्यांपैकी कोणाला मिरची-कोथिंबीर हवी, कोणाला देवाला फुलं.

आमची बाल्कनी पूर्वेकडे, आठ बाय चार फुटांची आहे. ऊन सकाळी सात ते अकरा. सासूबाईंना रोज पूजेपुरती फुलं हवीत, मला मिरची, कोथिंबीर, पुदिना आणि जमलं तर टोमॅटो. बारा-तेरा कुंड्या मावतील. निम्म्या भाजीच्या, निम्म्या फुलांच्या ठेवू का? (ठाणे)

कुंड्यांची वाटणी करू नका, उन्हाची करा. पालेभाजी आणि फुलझाडं यांचं खरं तर भांडण नसतं. कोथिंबीर, पुदिना, पालक, अळू, पानओवा यांचं तीन तासांच्या उन्हावर भागतं. एप्रिल-मेमध्ये तर कोथिंबिरीला सावलीच मानवते, कडक उन्हात ती लगेच तुऱ्यावर येते. भांडण असतं ते फळभाजी आणि फुलझाडं यांच्यात. मिरची, टोमॅटो, वांगं, मोगरा, गुलाब, झेंडू या सगळ्यांना कठड्याजवळची तीच जागा हवी असते.

म्हणून एका मोकळ्या दिवशी दर तासाला उन्हाची कड खडूने फरशीवर आखा. कठडा विटांचा, बंद असेल तर लक्षात येईल की त्याच्या पायाशी ठेवलेल्या कुंडीला अकरापर्यंत जेमतेम तासभर ऊन मिळतं. कुंडी तीच, माती तीच, पण दीड-दोन फुटी लोखंडी स्टँडवर उचलली की उन्हाचे दोन तास वाढतात. नवी कुंडी घेण्याआधी स्टँड घ्या.

आठ फुटांच्या कठड्यालगत बारा इंची कुंड्या हवा खेळती ठेवून सहा, फार तर सात बसतात. या सात जागा मोलाच्या. त्यांत मिरचीच्या दोन, जास्वंदीची एक, गोकर्णाची एक (आठ-दहा इंची कुंडीही चालते, वेल ग्रिलवर चढवा), सदाफुलीची एक, हंगामी फुलांची एक आणि राहिलेली चेरी टोमॅटोला. मोठ्या फळाचा टोमॅटो आणि वांगं चार तासांच्या उन्हात लावू नये, असं आमचं मत आहे. झाड वाढतं, फुलतं, पण फळ धरलं तरी बारीक राहतं, आणि चार महिने एक चांगली जागा अडते. मिरची चार-पाच तासांत घरापुरती देते.

मागच्या रांगेत, भिंतीकडे, कोथिंबिरीचा आणि पालकाचा सहा इंच खोल ट्रे, पुदिना, अळू. आणि इथेच सासूबाईंसाठी दोन झाडं सुचवतो: तगर आणि अबोली. दोन्ही अर्ध्या सावलीत फुलतात. तगर चौदा इंची कुंडीत जवळजवळ वर्षभर फुलं देते. पूजेच्या फुलांचा निम्मा भार या दोघींनी उचलला, की उन्हातली एक जागा मिरचीला मोकळी होते.

पुदिना मात्र कायम वेगळ्या कुंडीत. त्याची भुईतली मुळं शेजाऱ्याला जगू देत नाहीत.

मातीचं मिश्रण: बागेची माती चार भाग, नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, कोकोपीट तीन भाग, आणि बारा इंची कुंडीला मूठभर, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास, निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुऊन, पाणी निथळून मगच वापरा. स्वस्त विटांमध्ये मीठ असतं आणि त्याने कोथिंबिरीची कोवळी पानं कडेने करपतात. बारा इंची कुंडीत असं 14 ते 15 लिटर मिश्रण मावतं आणि पाणी घातल्यावर ती साधारण तेवढेच किलो भरते. नुसती माती भरली तर तीच कुंडी 22-25 किलोंवर जाते. कठड्याच्या बाहेर काहीही टांगू नका, सदाफुलीची छोटी कुंडीसुद्धा.

टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत मुद्दाम झेंडू लावला, कारण तो कीड पळवतो असं सगळीकडे वाचलं. तरी मिरचीची पानं आक्रसली आणि आता झेंडूवरच जाळी दिसते. काय चुकलं? (पुणे)

झेंडूकडून अपेक्षा जास्त ठेवली गेली, एवढंच. त्याच्या नावावर दोन गुण सांगितले जातात. दोन्ही खरे आहेत, पण शेतातले.

पहिला म्हणजे सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी). झेंडूच्या मुळांतून अल्फा-टरथिएनिल नावाचं द्रव्य सुटतं, ते मातीतल्या सूत्रकृमींना मारक आहे. पण त्यासाठी झेंडू आधी हंगामभर त्या मातीत दाट उभा करावा लागतो आणि मग भाजी घ्यावी लागते. शेजारी एक रोप टोचून ते काम होत नाही. शिवाय तुमच्या कुंडीत नवी माती असेल तर सूत्रकृमी असण्याचा संभव मुळातच कमी.

दुसरा गुण सापळा पिकाचा. टोमॅटोचं फळ पोखरणाऱ्या अळीची मादी पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या फुलांवर अंडी घालणं पसंत करते. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, तीही अशा वयाची रोपं घेऊन की दोघांची फुलं एका वेळी यावीत: झेंडूचं रोप 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं. बाल्कनीत दोन टोमॅटोंसाठी हे गणित लागू पडत नाही. अळी दिसली तर हाताने उचललेली बरी.

मिरचीच्या पानांकडे नीट पाहा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबल्यासारखा वाटत असेल, तर कोळी (रस शोषणारी बारीक कीड). फुलकिडे झेंडूच्या फुलात मजेत राहतात, आणि उन्हाळ्यात लाल कोळ्याला झेंडू फार आवडतो. तुम्हाला दिसते ती जाळी त्याचीच. म्हणजे तुमच्या बाबतीत झेंडू बहुधा किडीचा मुक्काम ठरला आहे. जाळी धरलेला झेंडू सरळ काढून टाका, कंपोस्टमध्ये नको. मिरचीला तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्या. लाल कोळ्याला कोरडी, धुळकट हवा लागते. आक्रसलेली पानं पुन्हा सरळ होत नाहीत. नवी पालवी सरळ येते का ते पाहा. नवी पानंही पिवळी, बारीक आणि गुच्छासारखी आली तर तो विषाणूचा चुरडामुरडा. त्या झाडाचा मोह सोडा.

आणखी एक. बारा इंची कुंडीत मिरचीसोबत झेंडू नकोच. एकत्र लावायची हौस असेल तर सोळा इंची कुंडी, एक मिरची, एक बुटका फ्रेंच झेंडू, दोघांत 20-25 सेंटिमीटर अंतर. आफ्रिकन झेंडू तीन फुटांपर्यंत जातो आणि मिरचीलाच सावलीत टाकतो.

मित्रकीटकांसाठीच फुलं हवी असतील तर झेंडूहून चांगला उपाय तुमच्या ट्रेमध्येच आहे. कोथिंबिरीची चार-पाच रोपं काढू नका, तुऱ्यावर येऊ द्या. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या येतात: मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या. त्यांच्या अळ्या मावा खातात. बडीशेपही हेच काम करते. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडण्याऐवजी दोन-तीन ठेवल्या तर मधमाश्या येतात. फुलासाठी वेगळी जागा न देता फुलं मिळवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

मोगऱ्याच्या मोठ्या टबात रिकामी जागा दिसली म्हणून भोवती पालक लावला. पालक छान येतो, दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं पाणी देतो. पण या वर्षी मोगऱ्याला कळ्या जवळजवळ नाहीत. (नागपूर)

पालकाला जे हवं तेच मोगऱ्याला नडलं. पेंडीच्या पाण्यात नत्र भरपूर. नत्राने पान वाढतं, पालकाचं आपण पानच खातो, म्हणून तो खूश. मोगऱ्यालाही तेच मिळालं आणि त्यानेही पानंच काढली. लांब सरळ फोक, गर्द हिरवी मोठी पानं आणि कळी नाही, ही नत्र जास्त झाल्याची खूण. झाड तब्येतीने इतकं छान दिसतं की लोक आणखी खत घालतात.

पाण्याचाही भाग आहे. पालकाला माती रोज ओलसर लागते. मोगऱ्याला हिवाळ्यात विश्रांती लागते: डिसेंबरच्या शेवटापासून दोन-तीन आठवडे पाणी बरंच तोडायचं, पानं थोडी मलूल झाली तरी घाबरायचं नाही. पालक असताना हे करता येत नाही.

आता पालक कापून घ्या आणि पुन्हा पेरू नका. मुळं ओढून मोगऱ्याची माती हलवू नका, ती तशीच कुजू द्या. पेंडीचं पाणी बंद. पुढच्या जानेवारीच्या अखेरीस, पाण्याचा हा ताण दिल्यानंतर, फांद्या एक-तृतीयांश छाटा, राहिलेली जुनी पानं ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती खरवडून तिथे दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि एक मूठ हाडांचा चुरा घाला, आणि मग भरपूर पाणी. नवी फूट दिसली की विद्राव्य 00:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, पंधरा दिवसांनी एकदा, असं तीन वेळा. मार्चपासून कळ्या यायला हव्यात. टबाला पाच-सहा तास थेट ऊन हवं, तेवढं नसेल तर यातलं काहीच फळणार नाही.

पालकाला सहा-आठ इंच खोल वेगळा ट्रे. पेंडीचं पाणी त्यालाच द्या: 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस, मग दहापट पाणी घालून. एका कुंडीत कोण कोणासोबत राहील हे भाजी-फूल असं ठरत नाही. पाणी आणि खत सारखं लागणारे एकत्र राहू शकतात. चिनी गुलाब (ऑफिस टाइम) आणि सदाफुली एकत्र चालतात, कारण दोघांना कोरडं राहिलेलं चालतं. मेथी आणि चिनी गुलाब एकत्र लावले तर एकाची मुळं कुजतात किंवा दुसरी वाळते.

जाता जाता, केळ्याच्या सालीचं पाणी. याही पत्रात त्याचा उल्लेख आहे. त्यातून जे पालाश उतरतं ते नगण्य, चिलटं मात्र हमखास होतात. साली कंपोस्टमध्ये टाका.

बाल्कनी उत्तरेकडे आहे. काहीच येणार नाही का? (मुंबई)

हिवाळ्यात थेट ऊन जवळजवळ शून्य, हे खरं. पण मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, आणि मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शेजारची इमारत आड नसेल तर या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. जूननंतर ढगच असतात, तेव्हा खरा फायदा एप्रिल-मेचा. अळू, पुदिना, पानओवा वर्षभर, कोथिंबीर उन्हाळ्यात, फुलांत अबोली आणि पावसाळ्यात तेरडा. मोगरा-गुलाबावर पैसे घालवू नका.

दक्षिणेच्या बाल्कनीचं उलट आहे. उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब सावली धरतो आणि हिवाळ्यात ऊन आत खोलवर येतं. टोमॅटो आणि शेवंती तिथे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उत्तम.

शेवंती हिरवीगार, दोन फूट उंच, पण नोव्हेंबर सरला तरी कळी नव्हती. शेजारणीच्या त्याच रोपाला फुलं होती. (पिंपरी)

रात्री तिच्यावर दिवा पडत होता का? शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. बाल्कनीतला ट्यूबलाइट किंवा समोरचा रस्त्यावरचा दिवा तेवढी रात्र मोडायला पुरतो. या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीपासून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, किंवा संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळं जाड कापड घाला, चार आठवडे. दिव्याखालची जागा मिरचीला द्या, तिला फरक पडत नाही.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर आहे आणि आता तोच भेंडीवर आला. नर्सरीतून एक औषध दिलंय, पण खालीच मेथीचा ट्रे आहे म्हणून मारायला धीर होत नाही. (कोल्हापूर)

धीर होत नाही ते बरोबरच आहे. तो पिठ्या ढेकूण. जास्वंद आणि भेंडी एकाच कुळातल्या, त्यामुळे पिठ्या ढेकूण, मावा, तांबडे ढेकूण सगळे दोघींवर. वांग्यावरही तो जातो. बाल्कनीत ही दोन झाडं दोन टोकांना हवीत. जागा फारच कमी असेल तर दोघींपैकी एक ठेवा.

बाटलीवर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लिहिलं असेल तर ते आंतरप्रवाही आहे. मुळांतून, पानांतून झाडात भिनतं आणि धुऊन जात नाही. खाण्याच्या कुंड्यांच्या चार फुटांत ते वापरू नये, फुलावर तर मधमाश्यांसाठीही नको. गुलाबाला म्हणून घातलेले दाणे पाण्याबरोबर खालच्या ट्रेमध्ये उतरतात, हे लोक विसरतात.

आधी सगळ्यात जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा. मग एक लिटर कोमट पाण्यासाठी पाच मिली नीमतेल आणि दोन मिली भांड्यांचा लिक्विड साबण: तेल आणि साबण आधी एकत्र घोटा, मग पाणी घाला. उलट केलं तर तेल वर तरंगतं, एका फांदीवर नुसतं तेल बसतं आणि ती भाजते. फवारणी ऊन उतरल्यावर. दर सहा दिवसांनी, निदान तीन वेळा, कारण कापसातली अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. बहुतेकजण एकदा फवारून थांबतात आणि पंधरवड्यात तक्रार परत येते.

मेथीचा ट्रे तेवढा वेळ आत घ्या किंवा वर्तमानपत्र झाका. नीमतेल विषारी नाही म्हणून मेथीवर पडू दिलं तर भाजी आठवडाभर कडू लागते. आणि मुंग्या पाहा. मुंग्या पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात, पिल्लं दुसऱ्या झाडावर नेतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की निम्मं काम होतं. वाट्यांतलं पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास.

दुधी आणि दोडक्याला फुलं येतात आणि गळतात. रोज सकाळी ब्रशने परागीभवन करून पाहिलं. (सावंतवाडी)

सकाळी उशीर झालेला असतो. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. पतंग रात्री परागकण नेतात. काकडी, कारलं, घोसाळी आणि भोपळा यांचं काम सकाळी, आठच्या आत. दुधीसाठी संध्याकाळी सात-साडेसातला ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेका. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, नराचा देठ सरळ. पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येऊन गळली तर ते स्वाभाविक आहे.

मुख्य वेल सहा-सात पानांवर खुडा. दुधीची मादी फुलं आडव्या फांद्यांवर जास्त येतात. आणि कुंडीचं माप कळवलं नाही, पण बारा इंची असेल तर परागीभवन नीट होऊनही बोटभर दुधी पिवळा पडून गळेल, झाडाला तेवढं पोसताच येत नाही. दुधीला 40 लिटरच्या खालची कुंडी नको. वेलाची जाळी अशा बाजूला बांधा की तिची सावली पालेभाजीवर पडेल, फुलझाडांवर नाही.

बाल्कनीतली कोणती फुलं खाता येतात? (नाशिक)

गोकर्ण, देशी गुलाब, जास्वंदीच्या पाकळ्या, भोपळ्याची नर फुलं, हिवाळ्यात लावलं तर नॅस्टर्शियम. याची पानंही तिखटसर, कोशिंबिरीत चांगली. सदाफुली, तगर, कण्हेर आणि ॲडेनियम तोंडात घालायचे नाहीत, सगळे एकाच विषारी कुळातले. घरात लहान मूल असेल तर पुदिना आणि सदाफुली शेजारी ठेवू नका. पानं खुडायला शिकलेलं मूल दोन्ही खुडतं. नर्सरीतून आणलेल्या गुलाबावर बहुधा फवारणी झालेली असते, तेव्हा पहिले दोन-तीन महिने त्याची फुलं देवालाच. गुलकंदाचं नंतर बघा.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा, बी कधी टाकू? (सातारा)

दसऱ्याच्या तारखेपासून मागे मोजा: मोठ्या आफ्रिकन झेंडूला 85 ते 90 दिवस, बुटक्या फ्रेंचला 65. रोपाला पाच-सहा पानं आली की शेंडा एकदा खुडा, फुटवे वाढतात; पण खुडल्याने फुलं दोनेक आठवडे लांबतात, वरच्या दिवसांत ते धरलेले आहेत. उशीर झाला तर शेंडा खुडू नका, फुलं कमी पण वेळेवर येतील. पावसाने कुंडीत पाणी साचलं तर रोप एका दिवसात माना टाकतं, तेव्हा तळाला चार भोकं आणि कुंडीखाली विटेचे तुकडे. एका तोरणाला पुरेल इतका झेंडू हवा तर सहा रोपं तरी लावा, आणि दसरा झाला की ती काढून त्याच मातीत, मूठभर गांडूळखत मिसळून, मेथी पेरा.